डेन्मार्कची चौकशी, मुक्काम मुलुंड

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
सोमवार, दुपार

चि. सुयोग यास,

चंद्रप्रकाशचे आशीर्वाद. तू आता मुख्याध्यापक झालास, तेव्हा 'चि.' खोडून 'श्री.' लिहावं असं क्षणभर वाटलं होतं. पण माझ्या लग्नात कानपिळीच्या वेळी तू माझा डावा कान जो पिळलास, तो अजून थंडीत दुखतो. त्यामुळे जन्मभर तू 'चि.'च राहशील. सौ. रश्मीची कंबर कशी आहे? (बेल्ट लाव म्हणावं. लावत नसेल तर निदान डॉक्टरांकडे जाताना तरी लाव म्हणावं.) यंदा आंबा कमी आहे असं ऐकलं, म्हणून पेटी कुठे अडकली हे मी विचारत नाही. मी इकडे बरा आहे. बरा म्हणजे, साखर जिथे होती तिथेच आहे आणि गुडघे जिथे होते तिथे राहिलेले नाहीत.

हातात मोबाईल असताना भाऊजींना कागद काळे करायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. आमचं घर दीड खोलीचं, त्यातल्या अर्ध्या खोलीला आम्ही हॉल म्हणतो, आणि घरात प्रांजल. ध्वनी हाच तिचा विषय. मी मोठ्याने बोललो की ती कानाला हेडफोन लावते आणि हळू बोललो की काढते. तुला फोन करायला खाली पारावर गेलो, तर तिथे बसलेली मंडळी तिच्यापेक्षा बारकाईने ऐकतात. तेव्हा पत्र. ती आज अंधेरीला कामावर गेली आहे. ती परत यायच्या आत हे लिहून, पाकिटात घालून, पेटीत टाकायचा बेत आहे.

तुझ्या भाचीला डेन्मार्कच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, हे तुला ठाऊक असणारच. (मला कळायच्या आधी ठाऊक असणार. मामा तो मामा.) विषय आहे, आवाज कमी कसा करायचा. दोन वर्षं तेच शिकायचं. जिने जन्मापासून खिडकीखाली रिक्षा, लग्नसराईत बेंजो आणि डोक्यावर बारा महिने लाद्या बदलणारे शेजारी ऐकले, तिला या विषयाची गोडी लागली यात नवल नाही. नवल एवढंच, की ती जिथे चालली आहे ते गाव म्हणे आधीच शांत आहे. मी तिला म्हटलं, रोगी सगळे इथे आणि डॉक्टरकी शिकायला तिथे, हा कुठला न्याय? ती म्हणाली, "बाबा, खरं काय ते बोलायचं असेल तर बोला." खरं काय ते मला बोलायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, शिक्षण ठीक आहे गं, पण पुढे नोकरीचं काय, हे कुणाला तरी विचारायला हवं.

इथे माझी वाट लागली. ती लगेच म्हणाली, "मग विचारा ना. जे जाऊन आलेत, ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांना भेटा. याला माहितीची मुलाखत म्हणतात. सल्ला मागायचा नाही, वशिला लावायचा नाही. नुसतं विचारायचं आणि ऐकायचं." सुयोग, माझं सगळं आयुष्य मशिन शॉपमध्ये गेलं. तिथे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, सगळे ओरडायचे आणि कुणाला काही कळत नसे, तरी काम चोख व्हायचं. पण मी हो म्हटलं. तुला मनातलं सांगायला हरकत नाही : चार दुःखी माणसं गाठायची, त्यांची रडगाणी गोळा करायची आणि तिच्यासमोर ठेवायची, असा माझा डाव होता. दुःखी माणसं शोधायला मुंबईत फार फिरावं लागत नाही.

सुरुवात घाटकोपरपासून केली. स्टेशनसमोर एका फरसाणाच्या दुकानावर परदेशी शिक्षणाचं ऑफिस आहे. जिना चढताना पापडीचा वास आणि वर गेल्यावर बर्फाच्या डोंगरांची चित्रं. श्वेता नावाची एक चुणचुणीत मुलगी टेबलापलीकडे होती. तिने मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "सर, तुमचं ग्रॅज्युएशन कुठल्या वर्षीचं?" मी म्हटलं, मी आय.टी.आय. ती जराही डगमगली नाही. म्हणाली, "चालेल सर, कॅनडात वयाची अट नाही." मी विद्यार्थी नसून विद्यार्थिनीचा बाप आहे, हे तिच्या गळी उतरवेपर्यंत माझ्यासाठी दोन कॉलेजं निघालीसुद्धा होती. (एकात बेकरीचा कोर्स होता. खोटं कशाला सांगू, घरी येताना मी विचार केला.) डेन्मार्कचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला, कारण त्यांची ओळख दुसऱ्या देशांशी आहे. मग मी विचारलं, "तू स्वतः नाही गेलीस गं कुठे?" ती पहिल्यांदाच हसायचं थांबली. "माझा व्हिसा दोनदा नाकारला, सर," म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. ते हसू बघून मला पुढचं विचारवेना. बर्फाच्या डोंगरांखाली दिवसभर बसून ती दुसऱ्यांना पाठवते.

दुसरा नंबर अंधेरीचा. माझ्याबरोबर कामाला असलेल्या एकाचा मुलगा दिपेश, इंग्लंडात एक वर्ष शिकून परत आलेला. मेट्रोने गेलो. त्याच्या आईने दार उघडलं आणि शेवटपर्यंत मुलाखतही तिनेच दिली. मी दिपेशला विचारायचो, त्याची आई उत्तर द्यायची आणि दिपेश टीपॉयवरच्या काचेकडे बघत बसायचा. अभ्यास कसा होता? "छान होता." नोकरी का नाही मिळाली? "मिळत होती, पण आम्हीच म्हटलं, पुरे आता, ये घरी." थंडी? "त्याला थंडी आवडते." इतक्या थंडी आवडणाऱ्या त्या मुलाने मे महिन्यात घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि पंखा बंद होता. निघताना तो मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार उघडल्यावर म्हणाला, "काका, तिकडे कुणीच काही विचारत नाही, आणि परत आल्यावर सगळे विचारतात." लिफ्टचं दार लागलं. मी खाली उतरून रस्त्यावर उभा राहिलो आणि मला माझीच लाज वाटली, कारण मीही विचारायलाच गेलो होतो. पण माझ्या डावाच्या दृष्टीने हे झकास होतं. प्रांजलला अक्षरशः जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तो परत का आला हे तुम्ही विचारलंत. तिथे काय शिकला, हे विचारलं नाहीत."

आता मुलुंड. इथून पुढे जरा सावकाश वाच.

माझ्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींतल्या एकाने सांगितलं, की मुलुंड पूर्वेला केळुसकर म्हणून आहेत, पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त, त्यांचा मुलगा सुबोध थेट डेन्मार्कलाच असतो. म्हणजे एखाद्या रोग्याला नेमक्या त्याच रोगाचा डॉक्टर सापडावा तसं झालं. फोन करून गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराला साखळी, साखळीआड एक ऐंशीच्या घरातला माणूस, अंगात बनियन, चष्मा कपाळावर. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमचा हात वर पोचतो का?" मला वाटलं डेन्मार्कची काहीतरी पूर्वपरीक्षा आहे. पोचतो म्हटल्यावर त्यांनी साखळी काढली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन स्टुलावर उभं केलं. ट्यूबलाइट बदलायची होती. ती गेले कित्येक आठवडे बंद होती आणि रुक्मिणीवहिनी (केळुसकरांच्या पत्नी, कानांनी जवळजवळ ठार) देवघरातल्या दिव्याच्या उजेडात फोडणी घालत होत्या.

सुयोग, मी त्या घरी मुलाखत घ्यायला जायचो आणि कामं करून परत यायचो. पहिल्या दिवशी ट्यूब. पुढच्या रविवारी माळ्यावरची बॅग, कारण त्यात सुबोधचे जुने स्वेटर होते आणि त्यांना कसर लागली असेल अशी केळुसकरांना शंका होती. (लागली होती. आम्ही दोघांनी ते गॅलरीत वाळत घातले. मेच्या उन्हात मुलुंडच्या गॅलरीत लोकरीचे स्वेटर बघून समोरच्या बिल्डिंगमधली पोरं हसत होती.) त्यानंतर मधल्याच एका दिवशी बँकेत हयातीचा दाखला, मग एका कपाटाचं बिजागर. डेन्मार्कचा विषय मी काढायचो, आणि केळुसकर अतिशय मन लावून मुलुंडच्या पाण्याविषयी बोलायचे. कुठल्या गल्लीत कधी पाणी येतं, कुठला व्हॉल्व्ह जुना आहे, तो फिरवायला दोन माणसं कशी लागतात. मुलाचं घर कसं आहे, नोकरी नेमकी काय, यातलं त्यांना काहीही सांगता येत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "सुबोध मजेत आहे." एकच माहिती त्यांनी खात्रीने दिली, की तिथे नळाचं पाणी थेट ओंजळीत धरून पितात, आणि हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली, जणू तिथली पाइपलाइन त्यांनीच टाकली होती.

रुक्मिणीवहिनी मात्र वेगळं बोलायच्या. पोह्यांची बशी हातात देताना एकदा म्हणाल्या (हळू म्हणून म्हणाल्या, पण ऐकू येत नसल्यामुळे खणखणीत आवाजात, नशीब, केळुसकर गॅलरीत होते), "तो खोटं बोलतो. मला काय ऐकू येत नाही, पण व्हिडिओवर दिसतं ना. गालफडं बसलीत. आणि मागची भिंत बदललीय. आधी मोठी खिडकी होती, आता नुसती भिंत." मी त्यांना खुणेने विचारलं, यांना सांगितलंत का? त्यांनी मान हलवली. नाही.

मग परवाच्या बुधवारी केळुसकरांचा फोन आला. म्हणाले, सुबोधची वेळ घेतली आहे. रविवारी अकरा वाजता तुम्ही त्याला फोन लावायचा, हा नंबर लिहून घ्या. मी म्हटलं, लावतो की घरून, तुम्हाला कशाला त्रास? तर म्हणाले, "नाही हो, इथे या. माझ्यासमोर लावा." पुढे म्हणाले, "आम्ही विचारलं की तो मजेत आहे म्हणतो. तुम्ही परके. तुम्ही विचारलंत तर सांगेल काहीतरी. मलाही ऐकायचं आहे." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मला इतके रविवार का बोलावलं जात होतं. माझ्या मुलाखतीच्या आडून त्यांना त्यांच्या मुलाची मुलाखत हवी होती.

काल रविवारी मी जरा लवकरच पोचलो. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. दार सताड उघडं आणि बाहेर चपलांचा ढीग. पाहुणे आले असतील असं वाटून मी तिथेच थांबलो, तेवढ्यात समोरच्या दारातल्या जयंतीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, "मी चौकशीला आलोय." त्या म्हणाल्या, "मग आत जा. पहाटे गेले."

पहाटे पाणी आलं तेव्हा केळुसकर पिंप भरायला उठले, नळ सोडला आणि तिथेच बसले ते बसलेच. रुक्मिणीवहिनींना ऐकू येत नाही. नळ चालूच राहिला. पाणी पिंपातून ओसंडून, घरातून वाहत, दाराखालून जिन्यावर आलं, तेव्हा जयंतीबाईंनी दार वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांकरवी साखळी तोडवली. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याच्या नळाची काळजी केली त्या माणसाचं असं झालं. मी गेलो तेव्हाही लादी ओली होती आणि सगळे पाय जपून टाकत होते. रुक्मिणीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलात? बरं झालं. आज तुमचा फोन आहे ना." मग त्यांच्या लक्षात आलं बहुतेक, आणि त्या म्हणाल्या, "त्याला कुणी सांगितलं नाही अजून."

कसं सांगणार? केळुसकरांच्या मोबाईलला कुलूप, तो उघडायचा आकडा फक्त त्यांना ठाऊक. वहिनींना फोनवर ऐकू येत नाही. शेजाऱ्यांकडे सुबोधचा नंबर नाही. नंबर होता तो माझ्याकडे. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी गॅलरीत गेलो आणि फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"हां काका, नमस्कार! बरोब्बर अकरा. बाबा म्हणाले होते, तुम्ही वेळेचे पक्के आहात. विचारा."

मी म्हटलं, "सुबोध, कुठे आहेस तू?" त्याला वाटलं हाच पहिला प्रश्न.

"बसमध्ये आहे, काका. इथे साडेसात वाजलेत. कामावर चाललोय."

"रविवारी? ऑफिसला?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तुमच्या मुलीचा प्रश्न आहे म्हणून खरं सांगतो. ऑफिस नाही काका, नोकरी गेली माझी मार्चमध्ये. अर्धी टीमच काढून टाकली. आता एका मित्राच्या हॉटेलात भांडी घासतो, तात्पुरतं. व्हिसाला थोडी मुदत आहे, तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर राहीन. मिळेल. फक्त, काका, बाबांना सांगू नका हं."

सुयोग, तू शाळेत इतकी वर्षं पोरांना काय काय सांगितलं असशील, पण त्या वाक्यानंतर पुढचं वाक्य कसं बोलायचं हे तुलाही ठाऊक नसेल. मी म्हटलं, "नाही सांगणार रे." आणि मग म्हटलं, "बाळा, बाबा आज पहाटे गेले." पलीकडून बसचा आवाज येत होता. एका बाईच्या आवाजात त्यांच्या भाषेत पुढच्या थांब्याचं नाव सांगितलं गेलं. मग सुबोध म्हणाला, "काका, थांबा हं, मी उतरतो." बसचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ नुसता वारा.

तो येऊ शकणार नव्हता. त्याच्या परवान्याचं काम अर्ध्यावर आहे. आता देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलं, जणू मीच अडवतोय. मग म्हणाला, "तुम्ही कराल का काका सगळं? मी व्हिडिओवर राहतो." मी हो म्हणालो. सुयोग, मला तर त्यांचं गोत्रही माहीत नव्हतं.

स्मशानात भटजींनी विचारलं, "मुलगा कोण?" मी जयंतीबाईंच्या नवऱ्याच्या हातातला फोन दाखवला. भटजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "चार्जिंग आहे ना?" एवढंच विचारलं. (सत्तर टक्के होतं.) खांद्यावर मडकं घेऊन मी फेरे मारले, गुडघे कुरकुरत होते, आणि तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की जयंतीबाईंच्या नवऱ्याने भांबावून फोन उलटा धरला आहे आणि सुबोधला त्याच्या बापाऐवजी वरचा पत्रा दिसतो आहे. मी मडकं सांभाळत ओरडलो, "अहो, फिरवा तो!" भटजींना वाटलं, मी त्यांना म्हणतोय, त्यांनी मला उलट दिशेला फिरवलं. कुणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. विद्युतदाहिनीचं दार उघडलं तेव्हा सुबोध एकदाच "बाबा" म्हणाला. स्पीकरवर होता. तिथल्या दोन अनोळखी माणसांनीही वळून बघितलं. मग बटण मी दाबलं.

सगळं झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसलो होतो. फोन अजून चालूच होता. मला वाटलं, आता सुबोध ठेवेल. तर म्हणाला, "काका, तुमचे प्रश्न राहिले."

मी म्हटलं, "जाऊ दे रे आता."

"नाही, विचारा. बाबांनी वेळ ठरवून दिली होती."

मग मी एकच विचारलं. "पोरीला पाठवू का?"

तो म्हणाला, "पाठवा. फक्त रोज फोन करून 'सगळं ठीक ना' असं विचारू नका. त्याचं एकच उत्तर असतं. काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस, असलं विचारा. बाबा 'ठीक ना' विचारायचे आणि मी 'मजेत' म्हणायचो. आमचं हेच बोलणं झालं, काका. कितीतरी वर्षं."

केळुसकरांच्या घरी परत आलो तेव्हा रुक्मिणीवहिनींनी मला हाताने जवळ बोलावलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "नोकरी गेलीय ना त्याची?" खोलीत दहा माणसं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "ह्यांना नव्हतं सांगितलं मी. काळजी करत बसले असते." आणि मग त्या रडल्या, तोवर रडल्या नव्हत्या.

कन्नमवार नगरला पोचलो तर प्रांजल दारातच. "कशी झाली मुलाखत?" मी म्हटलं, चांगली झाली. तिने माझ्या ओल्या केसांकडे बघितलं. मी म्हटलं, उकडत होतं, मुलुंडला आंघोळ केली. माहिती विचारायला गेलेला माणूस लोकांच्या घरी आंघोळ करून येतो, हे तिला कितपत पटलं ठाऊक नाही. मला मात्र जेवण गेलं नाही.

तर सुयोग, एवढ्या चौकशीअंती माझा निर्णय पक्का झाला आहे : पाठवायचं नाही. सुबोध काही म्हणो. तो बिचारा भल्यासाठी म्हणाला, पण मी त्या घरात नळ चालू राहिलेला बघून आलो आहे. तुझी ताई असती तर गोष्ट वेगळी होती. दोघांपैकी एकाला तरी नळ ऐकू आला असता. इथे मी एकटा, आणि माझ्या दारालाही साखळी आहे. प्रांजलला इथेही चांगली नोकरी आहे. ती तुझं ऐकते. तू मोठा मामा म्हणून चार शब्द सांग, की इथेच राहा. एवढं झालं की मी सुटलो.

सौ. रश्मीस आशीर्वाद. कंबर जपा, साखर जपा, आंबा जमला तर पाठवा.

तुझा,
चंद्रप्रकाश

ता. क. : हे पत्र काल पेटीत पडलं नाही. लिहून होईतो शेवटची डाक गेली, म्हणून पाकीट फोडून पुन्हा लिहितो आहे. आज मंगळवार. आंब्याचं वर लिहिलं ते मनावर घेऊ नकोस, साखरेच्या माणसाला आंबा कशाला.

दुसरा ता. क. : काल संध्याकाळी मुलुंडहून जयंतीबाईंचा फोन आला, दहाव्याचं विचारायला, आणि तो प्रांजलने उचलला. त्यामुळे तिला सगळं कळलं. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी नाही जात. मलाच फारसं जायचं नव्हतं." मला जे हवं होतं तेच ती म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली ना, तो आवाज मी ओळखतो. दवाखान्यात तुझ्या ताईशी मी त्याच आवाजात बोलायचो. रुग्णाशी बोलतात तसा. रात्री जेवताना ती फार छान गप्पा मारत होती, माझ्या प्रत्येक विनोदावर हसत होती. माझे विनोद इतके चांगले नाहीत, हे तुला माहीत आहे. पोरीने वयाच्या चोविसाव्या वर्षी मला सांभाळून घ्यायला सुरुवात केली, आणि मी अजून साठी नुकती ओलांडली आहे. हे मला सोसणार नाही.

तेव्हा वर निर्णय म्हणून जे लिहिलं ते वाचू नकोस. (वाचलंच असशील.) तिने अजून तिकडे 'येत नाही' असं कळवलेलं नाही, म्हणाली, एकदा मामाशी बोलते आणि मग कळवते. ती शुक्रवारी तुला फोन करील. पत्र तोवर पोचेल असा हिशेब आहे. तिला सांग, जा. आणि ती 'बाबांचं काय' म्हणेल तेव्हा सांग, की मी दर महिन्याला मुंबईला येणार आहे, भाऊजींकडे चार दिवस राहणार आहे, माझं भाऊजींशी ठरलं आहे. तुझी शाळा आहे, रश्मीची कंबर आहे, हे मला कळतं. यायची गरज नाही. नुसतं सांग. मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल. तुझा आवाज मुख्याध्यापकाचा आहे.

तिसरा ता. क. : पहिल्या महिन्यात मात्र खरंच आलास तर बरं होईल. पुढचं बघू.